फिल्म पोल झाली नाही, की उष्णतेचं गणित चुकलं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. साताऱ्यात पीएच.डी.चं काम करणाऱ्या एका विद्यार्थ्याने २५ मायक्रॉन जाडीची पीव्हीडीएफ या प्लास्टिकची फिल्म कोरोना पद्धतीने पोल केली, म्हणजे हवेतल्या विद्युत विसर्गातून तिच्यावर भार बसवून आतल्या रेणूंची विद्युत दिशा एकसारखी केली. फिल्मच्या दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमचे इलेक्ट्रोड आहेत. ती दुहेरी चिकटपट्टीने काचेच्या स्लाइडवर बसवली, वरून काळा स्प्रे-पेंट मारला आणि ३० मिलिवॅटच्या लाल डायोड लेसरचा प्रकाश १० हर्ट्झपासून ५० किलोहर्ट्झपर्यंतच्या वारंवारतांना कमीजास्त करत पायरोइलेक्ट्रिक (तापमान बदलल्याने वाहणारा) करंट लॉक-इन ॲम्प्लिफायरवर, म्हणजे ठरावीक वारंवारतेचाच सिग्नल वेचणाऱ्या यंत्रावर, मोजला. मग फिल्मचे ५० समान थर कल्पून पायथनमध्ये मॅट्रिक्स उलटवली, म्हणजे करंटवरून प्रत्येक थराचं ध्रुवीकरण (रेणूंच्या दिशा किती जुळल्या आहेत ते) काढलं. ध्रुवीकरणाचा आलेख आला तो करवतीच्या दात्यांसारखा: एक थर अधिक, शेजारचा उणे आणि आकडे अशक्य वाटावेत इतके मोठे. सर म्हणतात, फिल्म नीट पोल झालेली नाही. विद्यार्थ्याचा प्रश्न असा की पुन्हा पोलिंग करू, कोडमधली चूक शोधू, की विभागाला महागडं सिम्युलेशन सॉफ्टवेअर घ्यायला सांगू?

तिन्ही गोष्टी तूर्त थांबवा. मी सांगलीत राहते. पॉलिमर आणि इतर डायलेक्ट्रिक (वीज न वाहणाऱ्या) पदार्थांच्या मोजमापात माझी बरीच वर्षं गेली आणि नेमका असाच करवतीचा आलेख माझ्याही टेबलावर अनेकदा आला आहे. तुम्ही दिलेल्या माहितीवरून मला तरी फिल्म वाईट असल्याचा एकही पुरावा दिसत नाही. कोडमध्येही टायपिंगची चूक असेलच असं नाही. खरा प्रश्न वेगळा आहे. उष्णता तुमच्या नमुन्यात प्रत्यक्ष कशी उतरते आणि तुमच्या कोडच्या समजुतीप्रमाणे कशी उतरते, या दोन गोष्टी जुळत नाहीत. शिवाय मोजलेल्या करंटमध्ये जेवढी माहिती आहे, त्याच्या कितीतरी पट माहिती तुम्ही त्यातून मागताय. या दोन दुखण्यांवरचे उपाय वेगळे आहेत, म्हणून आधी पहिलं आणि मग दुसरं घेते.

या पद्धतीला लेसर इंटेन्सिटी मॉड्युलेशन मेथड, थोडक्यात लिम म्हणतात. सिडनी लँग आणि दिलीप दास-गुप्ता यांनी ती १९८० च्या दशकात पुढे आणली. १९८६ सालचा त्यांचा जर्नल ऑफ अप्लाइड फिजिक्समधला लेख आजही मुळातून वाचण्यासारखा आहे. त्याआधी १९७० च्या दशकात कॉलिन्स यांनी उष्णतेचा एकच छोटा झटका देऊन असंच मोजमाप करून दाखवलं होतं. कल्पना साधी आहे. पीव्हीडीएफसारख्या ध्रुवित पॉलिमरचं तापमान बदललं की ध्रुवीकरण किंचित बदलतं आणि इलेक्ट्रोडमधून करंट वाहतो. लेसर हळू कमीजास्त केला तर उष्णतेची लाट फिल्ममध्ये खोल जाते, भराभर केला तर पृष्ठभागापाशीच विरते. मग वेगवेगळ्या वारंवारतांचे करंट एकत्र वाचून कुठल्या खोलीवर किती ध्रुवीकरण आहे, हे फिल्म न कापता सांगता यायला हवं.

ही लाट समजून घ्यायला सांगलीजवळचं हरिपूर बरं. तिथे हळद साठवायला जमिनीत पेवं खणत. २००५ च्या महापुरात त्यातली बरीच खचली, पण पेवात खोलवर काय होतं, हे उष्णतेच्या भाषेत बघण्यासारखं आहे. दिवसा माती तापते, रात्री निवते. साधारण मातीत ही रोजची लाट १२ सेंटिमीटरवर ३७ टक्क्यांपर्यंत उतरते आणि हातभर खाली जवळजवळ संपते. उन्हाळा-हिवाळ्याची वार्षिक लाट मात्र ३६५ पट संथ असल्याने ३६५ च्या वर्गमुळाइतकी, म्हणजे १९ पट खोल जाते, सव्वादोन मीटरच्या आसपास. आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. लाट खाली जाताना नुसती दुबळी होत नाही, मागेही पडते. सातेक मीटर खोलीवर ती अर्धं वर्ष मागे असते, म्हणजे वर वैशाख तापत असतो तेव्हा तिथे थंडीची उरलीसुरली लाट पोचलेली असते. खोलीची माहिती लाटेच्या उंचीत जेवढी आहे तेवढीच तिच्या मागे पडण्यात आहे, आणि हे मागे पडणं म्हणजेच तुमच्या लॉक-इनवरची फेज. मला येणाऱ्या प्रश्नांपैकी निम्म्यांत फेजचा आलेखच जोडलेला नसतो, तुमच्याही नाही. तो पाठवा.

आता हाच नियम फिल्मला लावू. लाट जेवढ्या खोलीवर ३७ टक्के उरते, ती खोली म्हणजे पदार्थाची उष्णता-प्रसरणक्षमता (थर्मल डिफ्युसिव्हिटी, म्हणजे उष्णता त्यात किती भराभर पसरते) भागिले पाय (π) गुणिले वारंवारता, या संख्येचं वर्गमूळ. पीव्हीडीएफची प्रसरणक्षमता सेकंदाला ६ गुणिले दहाचा उणे आठवा घात चौरस मीटरच्या आसपास धरा. १० हर्ट्झला खोली ४४ मायक्रॉन येते, १ किलोहर्ट्झला ४.४ आणि ५० किलोहर्ट्झला ०.६. म्हणजे १० हर्ट्झला लाट तुमची २५ मायक्रॉनची फिल्म ओलांडून खालच्या चिकटपट्टीत शिरलेली असते. साधारण ३०० हर्ट्झच्या वर गेलात की फिल्मच्या मागच्या टोकाला ५ टक्क्यांहून कमी पोचते आणि खाली काच आहे, चिकटपट्टी आहे की हवा, याने फारसं बिघडत नाही. ३०० च्या खाली बिघडतं, आणि बरंच बिघडतं.

कोडमध्ये मागची बाजू कशी धरली आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. बहुतेक जण दोनपैकी एक सोपं गृहीतक घेतात. एक, मागून उष्णता अजिबात बाहेर जात नाही. दोन, मागचं तापमान ढळतच नाही. हवेत ताणून धरलेल्या फिल्मला पहिलं बऱ्यापैकी लागू पडतं. जाड तांब्याच्या ठोकळ्यावर मधे पोकळी न ठेवता बसवलेल्या फिल्मला दुसरं चालतं. चिकटपट्टीवरच्या फिल्मला दोन्ही लागू नाहीत. चिकटपट्टी स्वतः पॉलिमरच आहे, तिचे उष्णतेचे गुणधर्म फिल्मच्या जवळपास असतात. म्हणजे उष्णतेच्या नजरेने तुमची फिल्म २५ मायक्रॉनवर संपतच नाही.

यात मी स्वतः फसले आहे. सुरुवातीच्या काळात एका प्रयोगशाळेत काम करताना मला फिल्मच्या मागच्या इलेक्ट्रोडजवळ ध्रुवीकरणाचा सुंदर उंचवटा दिसला. तीन नमुन्यांत दिसला. इलेक्ट्रोडमधून आत शिरलेला भार तिथे अडकून बसतो, असा त्याचा अर्थही आम्ही लावला आणि दोन महिने त्यावर लिहिण्यात गेले. मग एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी सहज विचारलं, फिल्म उलटी लावून बघितली का? उलटी लावली. खरा उंचवटा फिल्मबरोबर फिरून आता पुढच्या बाजूला यायला हवा होता. तो पुन्हा मागेच आला. तो फिल्मचा नव्हताच, खालच्या डिंकाचा होता. तेव्हापासून दोन्ही बाजूंनी मोजल्याशिवाय मी कुठलाही आलेख कुणाला दाखवलेला नाही. तुम्हीही एवढं एक कराच. यासाठी फिल्म चिकटवू नका. मधोमध भोक असलेल्या दोन वॉशरसारख्या कड्यांमध्ये ती हलकेच ताणून धरा, म्हणजे उलटवणं दोन मिनिटांचं काम होतं आणि मागे फक्त हवा राहते.

तुमच्या बाबतीत मला सगळ्यात मोठा संशय काळ्या पेंटचा आहे. प्रकाश चांगला शोषला जावा म्हणून पेंट मारतात, हेतू बरोबर आहे. पण डब्यातल्या स्प्रेचा एक हातही सहज १०-१५ मायक्रॉनचा होतो. पेंटची प्रसरणक्षमता पीव्हीडीएफहून थोडी जास्त धरली, तरी १ किलोहर्ट्झला त्यातली लाटेची खोली साडेपाच मायक्रॉनच्या आसपास येते. म्हणजे १५ मायक्रॉनच्या पेंटमधून फिल्मपर्यंत ७ टक्के लाट पोचते, तीही दीडशे अंशांनी मागे पडून. ५० किलोहर्ट्झला तर व्यवहारात काहीच पोचत नाही. मग तिथे लॉक-इनवर जो आकडा दिसतो तो कसला? बहुधा लेसरच्या ड्रायव्हरमधून केबलमध्ये झिरपलेला सिग्नल. ओळखण्याची सोपी युक्ती म्हणजे लेसर चालूच ठेवून त्याच्यासमोर जाड पुठ्ठा धरा. जे उरेल ते सगळं झिरपलेलं. पुठ्ठा धरूनही आकडा तसाच राहत असेल तर ती वारंवारता तुमच्या आकडेवारीतून काढून टाका.

कोडमध्ये पेंटचा थर नसेल तर हे सगळं मागे पडणं कोड फिल्मच्याच माथी मारतं. फेज मागे पडली म्हणजे ध्रुवीकरण खोलवर आहे, अशी त्याची समजूत होते आणि पुढचा भाग रिकामा दिसायला लागतो. ‘फिल्म नीट पोल झालेली नाही’ असा तुमच्या सरांचा ग्रह कदाचित इथूनच झाला असेल.

उपाय पेंट काढण्याचा, खरं तर नव्या नमुन्यावर तो मारूच नये. लाल प्रकाशात ॲल्युमिनियम साधारण १० टक्के शोषतं आणि तेवढं पुरतं. हिशोब करून बघू. ३० मिलिवॅट पूर्ण कमीजास्त केले तर लाटेची उंची १५ मिलिवॅट, त्यातले दीड मिलिवॅट शोषले गेले. पीव्हीडीएफचा पायरोइलेक्ट्रिक गुणांक दर चौरस मीटरला, दर केल्विनला २५ मायक्रोकूलोम धरला तर करंट ०.६ नॅनोअँपिअरच्या आसपास येतो. चांगल्या करंट-ॲम्प्लिफायरला हे जड नाही. लेसरचा ठिपका ३ मिलिमीटरचा असेल तर १ किलोहर्ट्झला पृष्ठभागाचं तापमान फक्त ४ मिलिकेल्विनने वरखाली होतं, म्हणजे फिल्मला इजा होण्याची किंवा ध्रुवीकरण उतरण्याची भीती नाही. इलेक्ट्रोड मात्र दहा-वीस नॅनोमीटरचा अगदी पातळ नको. त्यातून प्रकाश आरपार जातो, मागच्या इलेक्ट्रोडवर पडतो आणि फिल्म दोन्हीकडून तापायला लागते. ॲल्युमिनियम ८०-१०० नॅनोमीटर असू द्या. एवढा थर उष्णतेला अडवत नाही.

आता अशी एक परीक्षा सांगते जी कुठलंही उलट गणित न करता घेता येते आणि जी मी प्रत्येक नव्या नमुन्याची आधी घेते. हवेत ताणलेली, सगळीकडे सारखीच ध्रुवित झालेली फिल्म घ्या. तिचा करंट फक्त सरासरी तापमान किती वेगाने बदलतं यावर ठरतो आणि तो वेग फक्त आत शिरणाऱ्या एकूण उष्णतेवर. ती उष्णता पुढे साचली की सगळीकडे पसरली, याने फरक पडत नाही. म्हणून करंट वारंवारतेने बदलतच नाही आणि फेजही प्रकाशाबरोबर शून्यावर सपाट राहते. हा सपाटपणा तुमचा संदर्भ. करंट वरच्या वारंवारतांना घसरत असेल आणि फेज मागे पडत असेल, तर पुढे काहीतरी निष्क्रिय आहे: पेंट, किंवा खरोखरच ध्रुवीकरण नसलेला पातळ थर. उलट करंट वारंवारतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात चढत असेल आणि फेज ४५ अंश पुढे जात असेल, तर ध्रुवीकरण पुढच्या पातळ थरात एकवटलेलं आहे. मधेच कुठेतरी फेज १८० अंशांनी उलटत असेल, तर पुढच्या आणि मागच्या भागांत दिशा विरुद्ध आहेत. मॅट्रिक्सला हात न लावता एवढं कळतं, आणि माझा या कच्च्या वाचनावर संगणकाच्या आलेखाइतकाच भरवसा आहे.

फेजवर एवढं सोपवायचं तर फेजचं शून्य ठरलेलं हवं. नमुन्याच्या जागी एक वेगवान फोटोडायोड ठेवा. लेसर इतका मंद करा की करंट नमुन्याच्याच मापाचा येईल. ॲम्प्लिफायरचा गेन तोच ठेवून सगळ्या वारंवारतांना फेज नोंदवा आणि नमुन्याच्या फेजमधून ती वजा करा. गेन (सिग्नल किती पट वाढवायचा ते) जितका जास्त तितकी बँडविड्थ (किती वरच्या वारंवारतेपर्यंत यंत्र नीट चालतं ते) कमी, हे त्या ॲम्प्लिफायरच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं, पण प्रयोग करताना विसरलं जातं आणि ॲम्प्लिफायरचं मागे पडणं फिल्मच्या नावावर चढतं. वारंवारता निवडताना ५० हर्ट्झ आणि त्याच्या पटी टाळा. ५० ऐवजी ४७, १०० ऐवजी १०७ घ्या. इन्व्हर्टरवर मोजमाप करत असाल तर त्याचा स्वतःचा आवाज वेगळ्या ठिकाणी असतो, तो आधी लेसर बंद ठेवून बघून घ्या.

हे सगळं जमलं की मॉडेलकडे वळायचं. सॉफ्टवेअरचा मुद्दा इथेच संपवते. तुमचा ठिपका वर धरल्याप्रमाणे ३ मिलिमीटरचा आणि लाटेची खोली जास्तीत जास्त ४४ मायक्रॉन. उष्णता बाजूला पसरण्याचा प्रश्नच येत नाही, ती सरळ खाली जाते. असा एकाच दिशेचा प्रश्न कागदावर सुटतो. प्रत्येक थराची दोन बाय दोनची एक मॅट्रिक्स, तिच्यात थराची जाडी, उष्णतावाहकता आणि प्रसरणक्षमता. इलेक्ट्रोड, फिल्म, चिकटपट्टी, काच अशा मॅट्रिक्स एकामागून एक गुणल्या की कुठल्याही खोलीवरचं तापमान मिळतं. पायथनमध्ये पन्नास ओळींचं काम आहे. विकतच्या सॉफ्टवेअरचे पैसे तिथे लागतात जिथे लेसर काही मायक्रॉनच्या बिंदूवर एकवटून फिल्मचा त्रिमितीय नकाशा काढायचा असतो, कारण तेव्हा लाट बाजूलाही पसरते. तुमचा पुढचा टप्पा तसा असेल तर पुन्हा विचार करू. आज नको.

आता दुसरं दुखणं, करवत. साखर कारखान्याच्या काट्यावर उसाने भरलेली ट्रॉली वजन होते. त्या काट्यावर तुम्हाला एका मोळीचं वजन काढायचं आहे. पूर्ण ट्रॉली मोजली, एक मोळी काढून पुन्हा मोजली आणि वजाबाकी केली. काटा २० किलोच्या पटीत आकडा दाखवत असेल तर मोळी कधी शून्य किलोची भरेल, कधी वीस. यात काटा खोटा नाही आणि वजाबाकीही चुकलेली नाही. दोन मोठ्या, जवळजवळ सारख्या आकड्यांतून लहान फरक काढायला गेलो, एवढंच. तुमच्या शेजारशेजारच्या दोन वारंवारता अशाच जवळजवळ सारख्या आहेत. १०० हर्ट्झ आणि ११० हर्ट्झच्या लाटा फिल्मचा जवळपास तोच भाग बघतात. त्यांच्यातल्या किंचित फरकातून मॅट्रिक्स १५ मायक्रॉन खोलीवरच्या अर्ध्या मायक्रॉनच्या थराचं ध्रुवीकरण काढायला बघते.

त्या खोलीवर एक थर अधिक आणि पुढचा तितकाच उणे असं धरलं, तर रुंद लाटेला दोन्ही मिळून शून्यच दिसतं. म्हणजे करवत कितीही उंच केली तरी करंटमध्ये तिची खूण उमटत नाही. मोजमापातला एखादा टक्का नॉइज जुळवण्यासाठी मॅट्रिक्स हव्या तेवढ्या उंचीची करवत घालते, कारण तिला अडवणारं आकडेवारीत काहीच नसतं. अशा उलट्या गणिताला फ्रेडहोमचं पहिल्या प्रकारचं समीकरण म्हणतात, त्याचा हा स्वभावच आहे, आणि असे प्रश्न नुसत्या उलटवण्याने सुटत नाहीत, हे गणितज्ञांना फार आधीपासून ठाऊक आहे. तुमच्या मॅट्रिक्सची सिंग्युलर मूल्यं (ध्रुवीकरणाचा कुठला आकार करंटमध्ये किती ठळक उमटतो ते सांगणारे आकडे) काढून लॉग कागदावर मांडा. ती सरळ रेषेत कोसळताना दिसतील. नॉइजच्या पातळीच्या वर जेवढी उरतील तेवढ्याच संख्या तुमच्या मोजमापातून खऱ्या अर्थाने मिळतात. एक टक्का नॉइज असेल तर माझ्या अनुभवात त्या सहा ते दहा असतात. तुम्ही ५० मागितल्या होत्या.

यावर सर्वमान्य उपाय म्हणजे रशियन गणितज्ञ टिखोनोव यांचं रेग्युलरायझेशन. करंट जुळावा ही एक अट आणि ध्रुवीकरणाचा आलेख फार खडबडीत नसावा ही दुसरी, अशा दोन्ही अटी एकत्र तोलायच्या. दुसऱ्या अटीला किती वजन द्यायचं, ते एका आकड्याने ठरतं. तो आकडा डोळ्यांना आलेख आवडेपर्यंत फिरवत बसण्याचा मोह होतो. तो टाळायलाच हवा, कारण मग जो आकार मनात असतो तोच आकार बाहेर येतो. त्याऐवजी नमुन्याला हात न लावता तेच मोजमाप दहा वेळा करा. दहा वाचनांमधला फरक म्हणजे तुमचा नॉइज, प्रत्येक वारंवारतेचा वेगळा. रेग्युलरायझेशनचा आकडा एवढाच ठेवा की मॉडेल आणि मोजमाप यांच्यातली तफावत या नॉइजएवढी राहील. त्याहून कमी तफावत म्हणजे तुम्ही नॉइज जुळवताय. जास्त म्हणजे खरी माहिती पुसताय.

थरही समान घेऊ नका. ही पद्धत पृष्ठभागाजवळ बारीक बघते आणि खोल गेल्यावर तिची नजर धूसर होते. ढोबळमानाने ज्या खोलीवर बघताय तेवढीच धूसरता धरा. अर्ध्या मायक्रॉनवर अर्ध्या मायक्रॉनचा तपशील दिसतो, २० मायक्रॉनवर २ मायक्रॉनचा थर दिसणार नाही. म्हणून पुढचे थर बारीक, मागचे जाड. मागच्या भागाचा तपशील हवा असेल तर फिल्म उलटवा. दोन्ही बाजूंची आकडेवारी एकाच गणितात घातली तर मधला भागही बराच सुधारतो.

कोड बरोबर आहे की नाही हे बघायला खोटी आकडेवारी बनवा. तुम्हाला माहीत असलेलं ध्रुवीकरण कल्पा, उदाहरणार्थ पुढचे २ मायक्रॉन रिकामे आणि बाकी सारखं. त्याचा करंट काढा, त्यात तुमच्या मापाचा नॉइज मिसळा आणि मग उलट गणित करून बघा. फक्त करंट काढताना वापरलेले थर आणि उलट गणितातले थर एकच असू नयेत. एकच ठेवले तर कोड स्वतःच्याच चुका स्वतःच झाकतो आणि निकाल फसवा सुंदर येतो. करंट काढायला २००० थर घ्या, उलट गणिताला ३०. मग मुद्दाम मॉडेल चुकवून बघा: करंट काढताना ५ मायक्रॉन पेंट धरा आणि उलट गणितात तो विसरा. पेंट विसरल्यावर कशी विकृती येते ते एकदा डोळ्यांनी बघितलंत की तुमच्या मूळ आलेखातली तीच खूण तुम्हाला लगेच ओळखू येईल. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला मी खऱ्या फिल्मआधी आठवडाभर हेच करायला लावते.

झटपट अंदाजासाठी आणखी एक मार्ग आहे. १९९२ मध्ये प्लॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की दुरुस्त केलेल्या करंटच्या वास्तव भागातून (प्रकाशाच्या तालातला भाग) काल्पनिक भाग (९० अंशांनी सरकलेला) वजा केला, तर लाटेच्या खोलीएवढ्या अंतरावरच्या ध्रुवीकरणाचा थेट अंदाज मिळतो. यात मॅट्रिक्स उलटवायची नाही की रेग्युलरायझेशनचा आकडा निवडायचा नाही. फेजच्या चिन्हाचा संकेत मात्र तपासून घ्या, उलटा असेल तर वजाबाकीची बेरीज होते. फिल्मच्या पुढच्या भागापुरता हा अंदाज चांगला असतो, मागच्या टोकाकडे बिघडतो. टिखोनोवचा आलेख आणि हा आलेख पुढच्या ५-६ मायक्रॉनमध्ये जुळत नसतील तर मी दोन्ही बाजूला ठेवते आणि पुन्हा फेज तपासते.

एक गोष्ट प्रबंधात नीट लिहा. हा आलेख शुद्ध ध्रुवीकरणाचा नसतो. तापमान वाढलं की फिल्म प्रसरण पावते, तिचा डायलेक्ट्रिक स्थिरांकही बदलतो, त्यामुळे आत अडकलेला स्थिर विद्युतभारही करंट देतो. उष्णतेच्या लाटेला ध्रुवीकरण आणि अडकलेला भार वेगळे ओळखता येत नाहीत. ते वेगळे करायचे तर त्याच नमुन्यावर दाबाच्या लाटेची पद्धतही वापरावी लागते. चांगल्या पोल झालेल्या पीव्हीडीएफमध्ये ध्रुवीकरणाचा वाटा सहसा वरचढ असतो. टेफ्लॉनसारख्या अध्रुवी पॉलिमरच्या इलेक्ट्रेटमध्ये (विद्युतभार दीर्घकाळ धरून ठेवणाऱ्या फिल्ममध्ये) नेमकं उलट. तुमची फिल्म पीव्हीडीएफची आहे म्हणून मला याची फार काळजी वाटत नाही, पण कोरोनाने पृष्ठभागावर भारही बसतो. पोलिंगनंतर दोन्ही इलेक्ट्रोड काही तास जोडून ठेवले होते का, तेही कळवा.

उभ्या अक्षावरच्या आकड्यांसाठी फिल्म एकदा सगळीकडे सारखी, सावकाश, दोन-तीन अंशांनी तापवून एकूण पायरोइलेक्ट्रिक गुणांक काढा. आलेखाखालचं क्षेत्रफळ त्याच्याशी जुळवलं की शोषण नेमकं किती झालं याचा अंदाज बांधावा लागत नाही. सरांच्या शंकेचं उत्तरही याच मोजमापात आहे. पीव्हीडीएफमधली दिशा उलटवायला मीटरला सुमारे ५० मेगाव्होल्ट, म्हणजे तुमच्या २५ मायक्रॉनला १२५० व्होल्ट लागतात आणि नीट पोलिंगला याहून बरंच जास्त क्षेत्र देतात. तुमचं क्षेत्र त्याच्या खाली होतं का, हे मला माहीत नाही. एकूण गुणांक वीस मायक्रोकूलोमच्या पुढे आला तर फिल्म पोल झालेली आहे, मग करवत काहीही सांगो. दोन-चारवर अडकला तर सर बरोबर आहेत आणि पुन्हा पोलिंग करायला हवं.

म्हणजे क्रम असा राहील. आधी सावकाश तापवून एकूण गुणांक. मग बिनापेंटचा नमुना हवेत ताणून, पुठ्ठा धरून, फोटोडायोडने फेज दुरुस्त करून, दोन्ही बाजूंनी मोजा. करंट आणि फेज यांचे साधे आलेख बघा. कोड त्यानंतर उघडा.

चिकटपट्टीवरचा जुना नमुना फेकू नका. नव्या मोजमापानंतर त्याच आकडेवारीत पेंट आणि पट्टीचे थर घालून बघता येतील आणि ३०० हर्ट्झच्या खालचा भाग कदाचित वाचेल. आधी मला दोन गोष्टी पाठवा: पुठ्ठा धरलेलं मोजमाप आणि फेज. लिहिण्यापेक्षा समोर बसून बरं वाटत असेल तर फिल्म घेऊन सकाळच्या एसटीने सांगलीला या. फिल्म उलटवायच्या कड्या माझ्याकडे आहेत.